तक्रार: लेबलवर ‘सॉलिड’, तारेत राळ, आणि दोष माझ्या विद्यार्थ्यांचा?

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

विषय: 60/40 सॉलिड सोल्डर वायर, अर्ध्या किलोची रिळं. चुकीचा माल आणि त्यावर मिळालेली उत्तरं.

तुमच्या टेक्निकल टीमच्या साहेबांनी आज दुपारी फोन करून माझी तक्रार ‘सोडवली’. ती सुटलेली नाही म्हणून लिहिते आहे. सोल्डर तुम्ही विकता, तेव्हा सोल्डर म्हणजे काय हे तुम्हाला शिकवत बसत नाही.

मागवली होती 60/40 सॉलिड तार, म्हणजे 60 टक्के कथील, 40 टक्के शिसं आणि पोटात दुसरं काही नाही, 3 मिलिमीटर जाडीची, स्टेन्ड ग्लासच्या, म्हणजे रंगीत काचेचे तुकडे जोडायच्या कामासाठी. लेबलवर तेच छापलंय, तेही ठळक अक्षरांत. आत निघाली पोटात राळेचा फ्लक्स, म्हणजे सोल्डरने धातूला नीट धरावं म्हणून लावायचं द्रव्य, भरलेली तार, रेडिओ-टीव्ही दुरुस्तीवाले वापरतात त्या जातीची. हा माझा अंदाज नाही. तार ब्लेडने कापून टोक भिंगाखाली धरलं की मधोमध पिवळट ठिपका स्पष्ट दिसतो. एका रिळात नाही, सगळ्या रिळांत. त्याचे फोटो मी ईमेलने पाठवले आणि ‘फोटो मिळाले, प्रॉडक्ट ओके दिसत आहे’ हे तुमचं उत्तरही मी जपून ठेवलं आहे.

आता आजचं संभाषण. फोनच्या सुरुवातीला तुम्हीच सांगता की ते प्रशिक्षणासाठी रेकॉर्ड होतं. तेव्हा कृपा करून ऐका. आणि प्रशिक्षण कोणाला द्यायचं तेही ठरवा.

“मॅडम, वायर मेल्ट होते का?”

“होते.”

“मग प्रॉडक्ट वर्किंग आहे.”

मी शांतपणे सांगितलं की वितळण्याबद्दल माझी तक्रारच नाही. काचेच्या कडांना गुंडाळलेल्या तांब्याच्या फॉइलवर सोल्डरची गोलसर रेघ, म्हणजे बीड, उभं राहत नाही, बुडबुडे येतात, थंड झाल्यावर खड्डे राहतात, कडेने तपकिरी चिकट थर बसतो आणि धुराने वर्गात थांबवत नाही.

“सोल्डरिंग म्हटलं की धूर येणारच मॅडम. तुम्ही फ्लक्स वेगळा लावता का?”

“लावते. सॉलिड तारेला लावावाच लागतो.”

“तिथेच चूक होते. फ्लक्स डबल होतो. वेगळा लावू नका.”

“डबल म्हणजे? तारेत आधीच फ्लक्स आहे?”

“नाही मॅडम. लेबलवर सॉलिड आहे ना? मग सॉलिडच आहे.”

हे मी वहीत लिहून घेतलं, कारण नंतर मलाच खरं वाटलं नसतं. तार सॉलिड आहे, तिच्यात फ्लक्स नाही, तरी वेगळा फ्लक्स लावला की तो दोनदा होतो! हे कोणत्या रसायनशास्त्रात बसतं ते तुमच्या टेक्निकल टीमने मला लेखी कळवावं. मी वर्गात लावीन.

मग साहेबांनी विचारलं, सोल्डरिंग करतं कोण? म्हटलं, माझे विद्यार्थी. तेवढ्यावर त्यांना उत्तर सापडलं. “बिगिनर आहेत ना मॅडम? बिगिनरच्या हाताला प्रॅक्टिस नसते. यूट्यूबवर व्हिडिओ असतात, ते बघायला सांगा.” आणि तक्रार बंद.

माझ्या विद्यार्थ्यांना बिगिनर म्हणण्याआधी ते काय करत होते आणि कुठे अडकले, ते तुमच्या साहेबांनी विचारायला हवं होतं. विचारलं नाही, म्हणून इथे सांगते.

बँकेतून निवृत्त झालेले एक काका मीन राशीचं काचेचं पॅनेल करत आहेत. मुंबई विद्यापीठाच्या दीक्षान्त सभागृहात बारा राशींची ती मोठी गोल खिडकी आहे, त्यावरून. गिल्बर्ट स्कॉटने आराखडा केलेली ती वास्तू 1874 साली पुरी झाली. काकांची उडी एका राशीपुरती, पण ती एक रास त्यांनी नीट केली आहे. काच कापली, ग्राइंडरवर घासून रेघेला रेघ जुळवली, प्रत्येक तुकड्याला फॉइल गुंडाळून हाडाच्या पट्टीने दाबून बसवलं. पुढच्या बाजूचं सोल्डरिंग त्यांनी जुन्या रिळाने केलं. तेही तुमचंच होतं, आधीच्या खरेदीतलं. मागची बाजू या नव्या रिळाने. हात तोच, आयर्न तोच, तापमान तेच, फ्लक्सची बाटली तीच. मध्ये फक्त जेवणाची सुट्टी. पुढे सलग, गुळगुळीत बीड, मागे खड्डे. प्रॅक्टिस कमी असेल तर ती जेवताना कमी झाली असं समजायचं का?

हे एकच पॅनेल तुमच्या सगळ्या टीमसमोर ठेवलं तरी पुरे आहे. पण तुम्हाला पुरावे नकोत, तुम्हाला तिकीट नंबर बंद करायचा आहे.

काकांनी मागची बाजू उतरवायला घेतली. सोल्डर पुन्हा तापवून काढताना फॉइलचा गोंद सुटतो आणि एकाच जागी उष्णता फार झाली की काच तडकते, हे तुम्हाला माहीत असणारच. माशाच्या पराची गुलाबी काच तडकली. त्या गुलाबीत सोनं असतं, हे तुम्हीच तुमच्या कॅटलॉगमध्ये दर वाढवताना लिहिता. आता पर पुन्हा कापायचा, पुन्हा घासायचा, पुन्हा फॉइल. काका काही बोलले नाहीत. मीच बोलते आहे.

दुसऱ्या बाई नातवंडांच्या आजी आहेत आणि घरच्या देवघराच्या दाराला तुळशी वृंदावनाचं पॅनेल करत आहेत. त्यांचं सोल्डरिंग उरकलं होतं, सोल्डरला काळा रंग देणारा पॅटिना लावायचा बाकी होता. लावला, तर कुठे काळा, कुठे करडा, कुठे लागलाच नाही. आमचा फ्लक्स पाण्यात विरघळणारा आहे, काम संपलं की साबणाच्या पाण्याने जातो. राळ पाण्याने जात नाही, त्याला स्पिरिट लागतं. बाईंनी साबणाने दोनदा धुतलं, कारण मीच तसं शिकवलं आहे आणि सॉलिड तारेसाठी ते बरोबर आहे. रिळावर सॉलिड छापलं होतं. पुन्हा सांगते, रिळावर सॉलिड छापलं होतं.

आर्किटेक्चरच्या एका विद्यार्थ्याचा दिवा आहे, षटकोनी, पट्ट्या उभ्या जोडायच्या. आतल्या कोपऱ्यांत राळ साचून काळी पडली आहे आणि बल्ब लावला की नेमकी तीच दिसते. तो आता कापसाच्या काडीने एकेक सांधा साफ करत बसतो. त्याची तुम्हाला शाबासकी!

वाचली ती एकच मुलगी. कुलाब्याचं अफगाण चर्च बघून आल्यापासून तिने फॉइल सोडून शिशाच्या पट्ट्यांचं काम धरलं आहे, तिथल्या, विल्यम वेल्सने केलेल्या रंगीत काचेच्या खिडक्या तिच्या डोक्यातून जात नाहीत. त्या पद्धतीत सोल्डर फक्त पट्ट्यांच्या जोडांना लागतं, म्हणून नुकसान थोडं. नव्या मुलांना पहिलं काम म्हणून दिलेली, खिडकीत टांगायची छोटी सनकॅचर मात्र सगळी डागाळली. पहिल्याच कामात खड्डे दिसले की नवा माणूस स्वतःला दोष देतो. तुमच्या साहेबांनी नेमका तोच दोष त्यांना दिला.

धुराचं वेगळं सांगायला हवं. शिशाचं काम आहे म्हणून माझ्या वर्गात चहा-खाणं बंद, हात साबणाने धुतल्याशिवाय कोणी घरी जात नाही, खिडकीत पंखा बाहेर फेकणारा. राळेचा धूर ही मात्र निराळी गोष्ट. कामाच्या जागी त्या धुराने दमा होतो, असलेला वाढतो, हे काही गुपित नाही. माझ्या वर्गात दम्याच्या एक बाई आहेत. त्या खोकायला लागल्या तेव्हा मी तार भिंगाखाली धरली. तोवर मीही तुमच्या लेबलवर विश्वास ठेवून होते. “धूर येणारच” हे उत्तर त्यांना जाऊन कोण देणार? मी देणार नाही.

लहानपणी आमच्या वाड्यात कल्हईवाला यायचा. कथलाची कांडी तापल्या भांड्यावर ओढून बघायचा आणि मनासारखी नसली तर बाजूला टाकायचा. त्याच्याकडे टेक्निकल टीम नव्हती.

आता तुमच्या आधीच्या दोन उत्तरांबद्दल. पहिलं, ‘सील उघडलेलं रीळ परत घेतलं जात नाही.’ रीळ न उघडता तारेच्या पोटात काय आहे ते कसं बघायचं? दुसरं, ‘आपण कमर्शिअल युजर असल्याने ग्राहक धोरण लागू नाही.’ घराच्या खोलीत वर्ग चालवून मी पोट भरते. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मध्ये स्वयंरोजगाराने उपजीविका करणाऱ्यासाठी अपवाद आहे, तो तुमच्या कायदा विभागाकडून वाचून घ्या. लेबलवर एक आणि आत दुसरं, याला त्याच कायद्यात अनुचित व्यापार प्रथा म्हणतात. मला जिल्हा ग्राहक आयोगाकडे जायला तुमच्या गावी यावं लागत नाही, माझ्याच जिल्ह्यात तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या मालाला शुल्कही नाही. 1915 हा ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांकही मला पाठ आहे.

धमकी द्यायची माझी सवय नाही. वर्षानुवर्षं मी नव्या विद्यार्थ्याला सांगत आले की सोल्डर घ्यायचं तर यांचंच घ्या, दोन पैसे जास्त गेले तरी चालतील. 183 अंशांना मऊ होऊन 190 ला पूर्ण वाहणारी तार हातात आली की नवशिक्याचंही बीड सुरेख बसतं, आणि तुमची तार तशी होती. बाहेरचे वर्ग चालवणारे मला फोन करून विचारायचे, कोणतं रीळ मागवू? मी तुमचं नाव घ्यायचे, फुकट. परवाही असा फोन आला होता. मी म्हटलं, थांबा थोडं.

मला काय हवं ते असं. सगळी रिळं, उघडलेली आणि बंद, तुमच्या खर्चाने उचलून न्या आणि त्याऐवजी सॉलिड 60/40 पाठवा. पाठवण्याआधी तुमच्याकडच्या कोणी तरी एक टोक कापून बघावं, भिंग नसेल तर मी पाठवते. फुटलेली गुलाबी काच आणि वाया गेलेलं फॉइल यांची भरपाई. वर्गाचं प्रदर्शन दिवाळीआधी आहे, तेव्हा ‘सात ते दहा कामकाजाचे दिवस’ हे वाक्य पुन्हा वापरू नका. आणि ज्या साहेबांनी माझ्या विद्यार्थ्यांना यूट्यूब बघायला सांगितलं, त्यांनी काकांना दोन ओळींचं लेखी पत्र पाठवावं. माझी माफी नको. मला सवय झाली आहे.

फोन करू नका. जे सांगायचं ते लिहून सांगा, सही आणि हुद्द्यासकट.

तुमची (अजून तरी) ग्राहक,
स्टेन्ड ग्लास वर्ग, पुणे

सोबत: बिलाची प्रत, लेबलचा फोटो, कापलेल्या तारेचे फोटो, मीन राशीच्या पॅनेलच्या दोन्ही बाजूंचे फोटो.

ता. क. हे लिहीत असतानाच तुमचा मेसेज आला: ‘आजच्या सेवेला 1 ते 5 पैकी किती गुण द्याल?’ शून्य टाकलं तर ‘अवैध उत्तर’ येतं. तेवढी यंत्रणा मात्र चोख चालते.