मनाई हुकूम दुकानापर्यंत पोहोचू द्या

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

खाण्यापिण्याचा माल करणाऱ्या कंपन्या नावावरून, वेष्टणावरून कोर्टात भांडतात, तेव्हा बातमी येते ती दोन बड्या घराण्यांचं भांडण म्हणून. इंदुरात रामबागेत माझं किराणा दुकान आहे. या भांडणात जे खरोखर नाडले जातात ते रोज माझ्या गल्ल्यासमोर उभे असतात. त्यांच्याविषयी कुणी लिहीत नाही, म्हणून हे पत्र.

आमचं बरंचसं गिऱ्हाईक नाव वाचून माल घेत नाही. बांधकामावरच्या बायका, शेजारच्या आजी, मुठीत नाणं घेऊन आलेली पोरं "तो पिवळा पुडा द्या", "बाळाच्या चित्राचा द्या" असंच मागतात. मध्यंतरी ठोक मालात असाच एक बिस्किटांचा पुडा आला. पिवळा रंग तोच, लाल पट्टी तिथेच, चित्र त्याच कोपऱ्यात, नावातलं अक्षर तेवढं एक वेगळं. चार पावलांवरून मलाही फरक कळेना; उलटा करून पत्ता वाचला तेव्हा उलगडा झाला. सेल्समन म्हणाला, "भैया, इसमें मार्जिन ज्यादा है." आठवड्यात शेजारच्या आजी पुडा परत घेऊन आल्या. चहात बुडवला की लगदा होतो, म्हणाल्या, हल्ली कंपनीने माल बिघडवला. नक्कल करणारा त्यांच्या गावीही नव्हता. बोल लागला तो ज्याने वर्षानुवर्षं चांगला माल दिला त्याला.

सर्वोच्च न्यायालयाने १९७२ सालीच हे ओळखलं होतं. पार्लेच्या ग्लुको बिस्किटांच्या वेष्टणावर गाई-कोंबड्यांच्या मधोमध पाण्याची बादली घेतलेली मुलगी होती. म्हैसूरच्या एका कंपनीच्या वेष्टणावरही गाई-कोंबड्या आणि मुलगी, फक्त तिच्या डोक्यावर गवताचा भारा आणि हातात विळा. खालच्या दोन्ही कोर्टांनी पार्लेचा दावा फेटाळला होता. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, वेष्टणं शेजारी-शेजारी ठेवून फरक मोजत बसू नका. एक पाहिलेल्या माणसाला दुसरं दिलं तर तो फसेल का, ते बघा. हे अगदी खरं आहे, कारण दुकानात गिऱ्हाइकाच्या हाती एकच पुडा येतो. मात्र १९६१ साली लक्षात आलेल्या नकलेचा निकाल लागायला १९७२ उजाडलं, हेही विसरता येत नाही.

प्रत्येक दावा मान्य व्हावा असं माझं म्हणणं नाही. नूडल्सच्या पाकिटावरच्या 'मॅजिक मसाला' या शब्दांवरून आयटीसीने नेस्लेच्या 'मॅजिकल मसाला'विरुद्ध दावा केला, तो मद्रास उच्च न्यायालयाने २०२० मध्ये फेटाळला, ते योग्यच झालं. नाहीतर उद्या कुणी 'खमंग'वर हक्क सांगेल, आणि आमच्याकडे भाजणी-मेतकूट आणून देणाऱ्या बायकांनी पाकिटावर लिहायचं काय?

खरी अडचण पुढेच आहे. कोर्ट मनाई हुकूम देतं तो कंपनीला आणि तिच्या वितरकांना. छोट्या दुकानदाराला कुणीच कळवत नाही आणि उरलेला माल स्कीम लावून त्याच्याच गळ्यात पडतो. १९९९च्या ट्रेड मार्क कायद्यात तर खोटं चिन्ह लावलेला माल विकणाऱ्यालाही ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे. त्यातून सुटायचं तर आपण पुरेशी काळजी घेतली होती हे दाखवावं लागतं, माल कुणाकडून घेतला ते सांगावं लागतं. कच्च्या चिठ्ठीवर माल घेणारा काय दाखवणार? माझ्या दुकानदार बांधवांना कळकळीने सांगतो, चार पैसे मार्जिन कमी मिळालं तरी चालेल, पण पक्कं बिल घ्या आणि पुडा उलटा करून पत्ता वाचा. सियागंजच्या ठोक व्यापाऱ्यांनी मनावर घेतलं तर असा माल शहरातल्या फळ्यांवर येणारच नाही.

आपल्याला एक विनंती. अशा निकालांची बातमी द्याल तेव्हा दोन्ही वेष्टणांचे फोटो जवळजवळ छापा, मनाई कोणत्या मालाला आहे ते ठळक लिहा, आणि हुकूम तात्पुरता आहे की कायमचा तेही सांगा. ते कात्रण मी दुकानाच्या दर्शनी भागात लावीन आणि तो माल माझ्याकडे असेल तर त्याच दिवशी फळीवरून उतरवीन.

आपला वाचक,
एक किराणा दुकानदार,
रामबाग, इंदूर