ईराच्या शाळेतून आलेलं पत्र

चि. अमोल यास,
अनेक आशीर्वाद.

ईराच्या तिकडच्या, कॅलिफोर्नियातल्या शाळेचं पत्र तू व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलंस ते चष्मा लावून सावकाश वाचलं. रश्मीचा मेसेजही वाचला. ‘उद्यापासून घरात फक्त इंग्रजी’ असं तिनं ठरवलंय म्हणे. पाच वर्षांच्या पोरीच्या नावापुढे ‘इंग्लिश लर्नर’, म्हणजे इंग्रजी अजून शिकणारी, असं छापून आलं की आईच्या पोटात गोळा येणारच, त्यात तिचं काही चुकलं नाही. पण फोनवर हा विषय निघाला की तू गाडी चालवत असतोस आणि ईरा मागून ओरडत असते. म्हणून लिहायला बसले. पत्र रश्मीलाही वाचायला दे, आणि मी तिच्यावर रागावलेली नाही हे आधी सांग.

प्रवेश घेताना तुम्ही घरच्या भाषेचा फॉर्म भरला होता. मूल पहिल्यांदा बोलायला लागलं ते कोणत्या भाषेत, घरात जास्त काय बोलतं, तुम्ही त्याच्याशी काय बोलता, मोठी माणसं घरात काय बोलतात. तुम्ही खरं ते लिहिलंत, मराठी. मग नियमाप्रमाणे तीस दिवसांच्या आत ईएलपॅकची, म्हणजे इंग्रजी किती येतं ते बघायची सरकारी चाचणी झाली. कुणा अनोळखी बाईंसमोर बसायचं आणि त्या विचारतील त्याची इंग्रजीत उत्तरं द्यायची. आपली ईरा खालच्या काकूंनी चॉकलेट दिलं तरी तोंड उघडायला अर्धा तास घेते! निकालाचं मला तरी नवल वाटलं नाही.

तुझा ऑफिसातला मित्र म्हणतो की फॉर्मवर इंग्रजीच लिहून टाकायचं, म्हणजे चाचणीची भानगडच नाही. तिकडे आपले बरेच आईबाप तसं करतात असं ऐकते. हे शहाणपण मला पटत नाही. मुलाला खरंच मदत लागत असेल तर आपल्याच हातानं ती घालवायची, असा त्याचा अर्थ. शिवाय आता फॉर्म बदलून हा ‘इंग्लिश लर्नर’चा शिक्का निघणारही नाही. तो काढायची रीत वेगळी आहे, ती पुढे लिहिते.

या शिक्क्यामागे एक कोर्टकेस आहे, आणि ती तुमच्या जवळच्याच सॅन फ्रान्सिस्कोची. तिथल्या शाळांत इंग्रजी न येणारी चिनी वंशाची जवळजवळ ३,००० मुलं होती. त्यातल्या सुमारे १,८०० मुलांना वेगळं काहीच शिकवलं जात नव्हतं, नुसतं वर्गात बसवलं जायचं. त्यांच्या वतीनं शाळांवर दावा दाखल झाला. किनी लाऊ नावाच्या मुलामुळे तो ‘लाऊ विरुद्ध निकोल्स’ म्हणून ओळखला जातो. खालच्या दोन्ही कोर्टांत मुलं हरली. शाळांचं म्हणणं असं की सगळ्यांना तीच पुस्तकं, तेच मास्तर, मग भेदभाव कुठे झाला? जानेवारी १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं सांगितलं की ज्याला भाषाच कळत नाही त्याच्या हातात तेच पुस्तक देऊन समान वागणूक होत नाही. ईराला वर्गात रोज इंग्रजीचा वेगळा वेळ मिळणार आहे, तो या मुलांच्या जिवावर.

फक्त मदत कशी करायची हे कोर्टानं सांगितलं नाही. त्यामुळे पुढे राजकारण्यांना रान मोकळं मिळालं. १९९८ मध्ये तुमच्या कॅलिफोर्नियात मतदान घेऊन दोन भाषांत शिकवणारे वर्ग जवळजवळ बंदच पाडले. २०१६ मध्ये पुन्हा मतदान झालं आणि तो निर्णय फिरवला. मधली अठरा वर्षं जी मुलं शाळेत होती त्यांचं काय, हे कोणी विचारायचं? आपल्याकडे पहिलीपासून कोणती भाषा यावर भांडणं होतात तेव्हा मला हेच आठवतं.

तू लहान असताना मी पूर्व भागातल्या शाळेवर होते, आठवत असेल. सगळी पद्मशाली विणकरांची वस्ती. आजे-पणजे तेलंगणातून मागावर काम करायला सोलापुरात आलेले, वडील चादरीच्या नाहीतर टॉवेलच्या कारखान्यात, आया घरी विड्या वळणाऱ्या. घरात तेलुगू आणि शाळेत मराठी. पहिलीच्या वर्गात एक मुलगी होती, दिवाळीपर्यंत तिच्या तोंडून शब्द निघाला नव्हता. दप्तर उघडायची, पाटी पुढे ठेवायची आणि माझ्याकडे बघत बसायची. तपासणीला आलेल्या साहेबांनी तिच्यासमोरच मला विचारलं, ‘ही मंद आहे का हो?’

तिची मोठी बहीण चौथीत होती. मी तिला बोलावून घेतलं आणि म्हटलं, तेलुगूत विचार, आईनं आज हजार विड्या वळल्या तर बंडलं किती होतील? प्रश्न पुरता संपलाही नसेल, धाकटी म्हणाली, ‘नलभै’. चाळीस. पंचवीस विड्यांचं एक बंडल, हे ती रोज संध्याकाळी आईशेजारी बसून मोजत होती. वर्गातली मराठी मुलं तेव्हा दहाच्या आतल्या बेरजा बोटांवर करत होती. साहेबांनी चहा संपवला, शेरेबुकात ‘समाधानकारक’ लिहिलं आणि गेले.

मी तिला दोन्ही भाषा येणाऱ्या मुलीशेजारी बसवलं. ती तेलुगूत उत्तर द्यायची, शेजारीण मराठीत सांगायची, मी मान डोलवायची. मलाही त्या निमित्तानं बरीच तेलुगू आली. आपल्या संविधानात ३५० अ असं कलम आहे, १९५६ मध्ये घातलेलं. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं म्हणून राज्यानं सोय करावी, असं ते म्हणतं. प्रत्यक्षात ती सोय म्हणजे पुष्कळदा अशी एखादी शेजारीणच असते.

त्या शाळेत आणखी एक गोष्ट मी बघितली. पहिलीत मुकी असलेली पोरं दुसरीत गल्लीत मराठीतून कडाकडा भांडायची. आम्हाला वाटायचं, झालं, आली भाषा. तिसरी-चौथीत परिसर अभ्यासाचा धडा आला की तीच पोरं पुन्हा गप्प. पुढे कळलं की टोरांटोचे भाषाशिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ पासून हेच मांडलंय. बोलण्यापुरती भाषा दोनेक वर्षांत येते, पुस्तकातली यायला पाच ते सात वर्षं लागतात. तेव्हा ईरा नाताळपर्यंत इंग्रजीत पोपटासारखी बोलायला लागली तर भुलू नका, आणि पुढच्या वर्षीही शिक्का तसाच राहिला तर धीर सोडू नका. कमिन्स यांचं दुसरं म्हणणंही रश्मीला सांग. मुलाला एका भाषेत जे नीट कळलेलं असतं ते दुसऱ्या भाषेत पुन्हा पहिल्यापासून शिकावं लागत नाही. त्या मुलीला मला फक्त मराठी शिकवायची होती, हिशेब तिचा ती शिकूनच आली होती.

आता घरातलं. बर्कली विद्यापीठातल्या लिली वाँग फिलमोर यांनी १९९१ मध्ये परदेशांतून आलेल्या कुटुंबांवर लिहिलं होतं. मुलं लहान वयात फक्त इंग्रजीच्या शाळेत गेली, घरची भाषा विसरली, आणि आईबापांना त्यांच्याशी धड बोलताही येईना. रश्मी म्हणेल आमचं तसं होणार नाही, आम्हाला इंग्रजी उत्तम येतं. खरंय. पण मी व्हिडिओ कॉलवर ऐकत असते. परवा ईरानं विचारलं, चंद्र आपल्या गाडीमागे का येतो? तू मराठीत सुरू झालास तो चंद्र किती लांब आहे, झाडं जवळ असतात म्हणून भराभर मागे पळतात, इथपर्यंत गेलास. तसाच प्रश्न तिनं रात्री इंग्रजीत विचारला तर तू ‘इट जस्ट लुक्स लाइक दॅट’ म्हणालास आणि विषय संपला. मुलाला लांबलचक बोलणं ऐकायला मिळायला हवं, ते तुमच्याकडे मराठीत आहे. इंग्रजीची गोष्टीची पुस्तकं खुशाल वाचा, लायब्ररीत न्या, मी नको म्हणत नाही. मंडळाची रविवारची मराठी शाळा मात्र मला एवढी महत्त्वाची वाटत नाही. मैत्रिणी मिळतात म्हणून जाऊ दे. भाषा तुमच्या स्वयंपाकघरात टिकेल नाहीतर नाही टिकणार.

शिक्का निघतो तो चार गोष्टी बघून. दर वसंतात होणाऱ्या ईएलपॅकमध्ये चौथी, म्हणजे सगळ्यात वरची पातळी, बाईंचं मत, पालकांचं मत, आणि इंग्रजी नीट येणाऱ्या त्याच वयाच्या मुलांच्या मानानं अभ्यास कसा आहे ते. त्यानंतरही चार वर्षं शाळेनं लक्ष ठेवायचं असतं. पालकांचं मत हे तिसरं, तेव्हा बोलावतील त्या दिवशी ऑफिसची मीटिंग सांगू नकोस.

आणि एक काम माझ्यासाठी कर. जिथे असा शिक्का असलेली एकवीस किंवा जास्त मुलं असतात त्या शाळेत त्यांच्या पालकांची समिती असावी लागते. तिच्यात जा. तुझ्या मुलीचं कसंही होऊन जाईल, तिला दोन इंजिनियर आईबाप आहेत. पण त्याच राज्यात वॉटसनव्हिलच्या स्ट्रॉबेरीच्या शेतांत राबणारे, मेक्सिकोतल्या वाहाकाहून आलेले लोक आहेत. त्यांच्यातल्या कित्येकांची घरची भाषा स्पॅनिश नव्हे, तिथली मूळची मिश्तेक, त्यामुळे शाळेनं स्पॅनिश दुभाषी बसवला तरी त्यांचं अडतंच. अशा मुलांसाठी २०१३ पासून तिथल्या शाळांच्या जिल्हा मंडळाला जादा पैसे मिळतात आणि ते कुठे खर्च झाले हे विचारणारं कोणीतरी लागतं. रात्रपाळी करणारी आई संध्याकाळच्या बैठकीला कुठून येणार? तुला येता येतं, इंग्रजीत भांडताही येतं.

बाईंना एवढं विचार: इंग्रजीचा वेगळा तास रोज किती मिनिटांचा, आणि त्या वेळात बाकीची मुलं काय करतात? गोष्ट किंवा चित्रकला चुकत असेल तर वेळ बदलून मागा. चाचणीचा निकालही पूर्ण पाठव. ऐकणं-बोलणं आणि लिहिणं-वाचणं याचं वेगवेगळं दिलेलं असेल ते मला बघायचंय, तू फक्त पहिलं पान पाठवलंयस.

बाबांची शुगर आता आटोक्यात आहे. शेंगाचटणी कुरियरनं पाठवू की दिवाळीत येणाऱ्या कोणाबरोबर, ते कळव.

तुझी,
आई