किरण नेमके कुठे जाणार, हे रुग्णाला आधी कळू द्या

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गावातल्या एका मुलाच्या उपचारासाठी सध्या मदत गोळा करणं चालू आहे. त्या गटावर परवा एक संदेश फिरला : 'आता नव्या किरणांनी बोन मॅरो प्रत्यारोपण, त्रास शून्य.' तो वाचून राहवेना, म्हणून हे पत्र.

सात वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या भावाला रक्ताचा कर्करोग झाला, तेव्हा प्रत्यारोपणासाठी मूळपेशी (ज्यांपासून नवं रक्त तयार होतं त्या पेशी) मी दिल्या. मडगावहून मांडवी एक्स्प्रेस, मग मुंबईत भाड्याची खोली. ही वाट गोव्यातल्या कितीतरी घरांनी तुडवली आहे. पेशी देणं सोपं होतं. कठीण होतं ते त्याआधीचं. रोज दोन वेळा, असे तीन दिवस त्याच्या सगळ्या अंगाला किरण दिले, एकूण १२ ग्रे (ग्रे म्हणजे किरणांची मात्रा मोजण्याचं एकक). फुप्फुसांवर तेवढी शिशाची आड होती. तोंड इतकं सोललं की आठवडाभर पेजसुद्धा घशाखाली उतरेना. त्याने मला विचारलेलं अजून कानात आहे : "बाय, आजार हाडांच्या मज्जेत आहे, तर किरण डोळ्यांवर कशाला?"

तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. आता थोडंफार कळतं. शरीरात उरलेल्या कर्करोगाच्या पेशी मारायच्या असतात आणि रुग्णाची प्रतिकारशक्ती इतकी दडपायची असते, की ती परक्या पेशींना हुसकावून लावणार नाही. तरवा लावण्याआधी शेत मोकळं करावं लागतं, तसंच हे. पण सर्वांगाला किरण देणं म्हणजे एका वाफ्यासाठी अख्खा डोंगर पेटवणारी कुमेरी. भाऊ वाचला, नोकरीवर जातो. मात्र एक्केचाळिसाव्या वर्षी त्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि त्याला मूल होणार नाही. वीर्य आधी साठवून ठेवता येतं, हे तिथे आम्हाला कोणी सांगितलं नाही. (हे सगळं त्याला विचारूनच लिहिते आहे.)

त्याच्या प्रश्नावर जगात काम चालू आहे, हे खरं आहे. एका पद्धतीत रुग्णाभोवती फिरणारं यंत्र संगणकाच्या आराखड्याप्रमाणे किरणांचा रोख मज्जा असलेल्या हाडांवर, आणि गरजेप्रमाणे प्लीहा व लसिका ग्रंथींवर ठेवतं. फुप्फुसं, यकृत, डोळे यांच्या वाट्याला त्यातला काही भागच येतो. अमेरिकेतल्या सिटी ऑफ होप या संस्थेने यावर बरंच काम केलं असून तिथे मज्जेला २० ग्रेपर्यंत मात्रा दिली गेली आहे. दुसऱ्या पद्धतीत किरणोत्सारी आयोडीन-१३१ एका प्रतिपिंडाला (ठरावीक खूण ओळखून तिला चिकटणाऱ्या प्रथिनाला) जोडून शिरेतून देतात. तो प्रतिपिंड पांढऱ्या रक्तपेशींवरची सीडी४५ ही खूण ओळखून तिथेच चिकटतो.

या दुसऱ्या पद्धतीची चाचणी ५५ वर्षं वा त्याहून अधिक वयाच्या, इतर औषधांना दाद न देणाऱ्या रक्ताच्या कर्करोगाच्या १५३ रुग्णांवर झाली. ज्यांचं वय ऐकूनच प्रत्यारोपणाचा विचार सोडून दिला जातो, अशी ही माणसं. ही पद्धत वापरायच्या गटातल्या १३ जणांचा आजार सहा महिने पूर्ण आटोक्यात राहिला, नेहमीच्या उपचारांच्या गटात एकाचाही नाही. पण एकूण आयुष्य वाढल्याचं त्यातून सिद्ध झालं नाही, आणि २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने आणखी एक चाचणी मागितली. तेव्हा 'त्रास शून्य' असं लिहिणाऱ्यांनी कृपा करून आवरावं. आशेवर जमीन गहाण टाकणारी माणसं तो संदेश वाचत असतात.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. जुने किरण वाईट म्हणून ते नाकारूही नयेत. लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगाच्या चार वर्षांवरील मुलांवर झालेल्या फोरम या आंतरराष्ट्रीय अभ्यासात, सर्वांगाला किरण दिलेल्यांपैकी ९१ टक्के दोन वर्षांनी हयात होते; फक्त औषधांवर तयारी केलेल्यांत ७५ टक्के. हा फरक लहान नाही. माझ्या भावाला तो पर्याय दिला, तो योग्यच होता असं मी आजही मानते. माझी तक्रार न सांगण्याबद्दल आहे.

म्हणून आरोग्य खात्याला माझी एक विनंती आहे. गोव्यातून रुग्णाला प्रत्यारोपणासाठी बाहेर पाठवताना बांबोळीच्या सरकारी इस्पितळातच त्याच्या हातात मराठी आणि कोंकणीत एक कागद द्यावा. किरण कोणते, किती आणि कोणत्या अवयवांवर जाणार, वीर्य किंवा स्त्रीबीज साठवण्याची सोय कुठे आणि किती दिवस आधी करायची, डोळे, थायरॉइड, फुप्फुसं पुढे किती वर्षं तपासत राहायची, आणि नेमकेपणाने किरण देण्याची सोय या रुग्णासाठी कुठे आहे का, एवढं त्यात असावं. समजावून सांगायला एक परिचारिका आणि अर्धा तास पुरे. मुंबईच्या वॉर्डात, ताप चढलेला असताना, अनोळखी भाषेतल्या फॉर्मवर सही करण्याच्या घाईत हे विचारायचं सुचत नाही.

गावातल्या त्या मुलाच्या आईला मी हे प्रश्न वहीच्या पानावर लिहून दिले आहेत. पुढच्या सोमवारी ती गाडीत बसेल.

आपली,
एक वाचक, फोंडा