प्लाझ्मा पेटला, पण वायू तापला का?

प्रिय सुहास,

लेसरने प्लाझ्मा (आयनीभूत झालेला, विजेचा वाहक वायू) पेटवून त्याने वायू तापवायचा आणि नॉझलमधून सोडायचा, त्या तुझ्या रॉकेट-चेंबरचं ड्रॉइंग नीट बघितलं. फोकसवर पांढराशुभ्र गोळा दिसला की काम झालं असं वाटतं, पण तिथून तर खरी मोजणी सुरू होते.

आधी दाबाचं बोलू. १९७० साली सोव्हिएत शास्त्रज्ञांनी असा प्लाझ्मा अखंड टिकवला तो कार्बन डायऑक्साइड लेसरने, तरंगलांबी १०.६ मायक्रॉन. तुझा फायबर लेसर १.०७ चा. शोषण साधारण तरंगलांबीच्या वर्गाच्या प्रमाणात असतं, म्हणजे तुझ्या वाट्याला जवळजवळ शंभरपट कमी. ही तूट दाबानेच भरून निघते. तेव्हा ५ बारचा हट्ट सोड, चेंबर २० बारला टिकेल असंच कर.

शेवटी हायड्रोजनच हवा, हलका असल्याने तो नॉझलमधून जास्त वेगाने निघतो म्हणून. पण सुरुवात आर्गॉननेच कर. त्यात रेणू फोडण्यात ऊर्जा जात नाही आणि उष्णताही कमी वाहून जाते, त्यामुळे थोड्या शक्तीवर प्लाझ्मा टिकतो. भरण्याआधी निर्वात करून तीनदा धुऊन घे. हवा उरली तर प्लाझ्मा विझतो.

पेटवायला टंगस्टनची बारीक तार फोकसवर धर; टोकाची वाफ होते, तिच्यात ठिणगी धरते, की लगेच तार मागे ओढ. उशीर झाला तर वाफ विंडोवर, म्हणजे लेसर आत येतो त्या काचेवर बसते. नखाएवढा तपकिरी डाग दिसला तरी थांब आणि विंडो बदल, कारण डाग लेसर शोषतो, काच तापते आणि २० बारच्या दाबामुळे तडकते. प्लाझ्मा फोकसवर न थांबता लेसरच्या दिशेने सरकतो, हेही लक्षात ठेव. लांब फोकसच्या लेन्सने तो जास्त भटकतो. आखूड फोकसची घे.

आता मुख्य गोष्ट. आर्गॉन एका चोक झालेल्या ओरिफिसमधून सोड, म्हणजे अशा बारीक छिद्रातून की जिथे वायू ध्वनीच्या वेगाने जातो आणि पुढच्या दाबाने प्रवाह बदलत नाही; नाहीतर आतला दाब वाढला की प्रवाहच घटतो आणि सगळा हिशेब फसतो. चेंबर १४ बारपर्यंत जाणार असेल तर ओरिफिसमागे ३० बारच्या वर ठेव. प्रवाह स्थिर असला की नॉझलमागचा दाब तापमानाच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो. समज, सेकंदाला १ ग्रॅम आर्गॉन जातोय आणि लेसर लावल्यावर दाब १० वरून १४ बार झाला. म्हणजे निरपेक्ष तापमान जवळपास दुप्पट, ३०० वरून ६०० केल्व्हिन. एवढ्याला लागले साधारण १५५ वॅट. प्लाझ्मातून पार झालेला लेसर मोजणाऱ्या पलीकडच्या पॉवर मीटरवरून १००० वॅट शोषले गेले असं निघत असेल, तर उरलेले साडेआठशे प्रकाश होऊन आणि भिंतीत गेले. गाभा १५,००० केल्व्हिनचा असेलही, पण नॉझलला कळतं ते ६००.

माझ्या मते खरी अडचण हीच आहे, लेसरची शक्ती नव्हे. बराचसा वायू गोळ्याला वळसा घालून थंडच निघून जातो. इंजेक्टरच्या (वायू आत सोडणाऱ्या तोंडाच्या) दोन-तीन रचना करून बघ, प्रत्येकीला लेसर बंद ठेवून एक रन आणि चालू ठेवून एक, बाकी सगळं तसंच. आणि १०७० नॅनोमीटरसाठीचा चष्मा घातल्याशिवाय खोलीत कुणालाही येऊ देऊ नकोस. तो झोत डोळ्यांना दिसतच नाही.

पहिल्या रनचे दाबाचे आणि पॉवर मीटरचे आलेख एकाच वेळमापावर काढून पाठव.

तुझा,
अनंत