सहाव्या वर्षी येणारी दाढ दुधाची नव्हे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मुलाचा पुढचा दात हलू लागला की घरात सगळ्यांना कळते. पण त्याच सुमारास जबड्याच्या पार मागे, दुधाच्या शेवटच्या दाढेच्याही पलीकडे, कायमची पहिली दाढ हिरडीतून वर येत असते, याकडे बहुतेक पालकांचे लक्षच जात नाही. ही दाढ कोणत्याही दुधाच्या दाताच्या जागी येत नाही, त्यामुळे ती येण्यापूर्वी काही पडत नाही. साधारण सहाव्या-सातव्या वर्षी वर दोन आणि खाली दोन अशा चार दाढा येतात आणि घरच्यांच्या लेखी त्या दुधाच्याच ठरतात.

आमच्याकडे नेमके हेच झाले. माझी मुलगी आठ वर्षांची असताना एकाच बाजूने घास चावू लागली. टॉर्च लावून पाहिले, तर खालच्या डाव्या दाढेच्या खाचेत काळसर रेघ दिसली. दुधाची दाढ आहे, पडून जाईल, असे समजून मी चार महिने काढले. दंतवैद्यांकडे गेलो तेव्हा कीड आतल्या नसेपर्यंत पोहोचली होती. या दाढेची मुळे पूर्ण तयार व्हायला नववे-दहावे वर्ष उजाडते. मुळांची टोके उघडी असल्याने उपचारही मोठ्या माणसाच्या रूट कॅनॉलइतका सरळ राहिला नाही. त्या खुर्चीत माझा हात घट्ट धरून बसलेली मुलगी मला आजही आठवते.

ही दाढ पूर्ण वर यायला कित्येक महिने लागतात. तोवर ती शेजारच्या दाढेपेक्षा खाली असते, मागचा भाग हिरडीने झाकलेला असतो, आणि पुढून मागे फिरवलेला ब्रश तिच्यावरून नुसता निघून जातो. खाचा खोल आणि वरचे कवच अजून कोवळे, म्हणून कीड तेथे लवकर धरते. अशा वेळी ब्रश गालाच्या बाजूने आडवा आत घालून ती दाढ वेगळी घासावी लागते, आणि मूल सात-आठ वर्षांचे होईपर्यंत हे काम मोठ्यांनीच करावे. दाढ पुरती वर आली की खाचा सीलंटने, म्हणजे दातावर लावायच्या पातळ संरक्षक लेपाने, बुजवता येतात; त्याला इंजेक्शन लागत नाही. हा उपाय मला कीड लागल्यानंतर कळला, याची खंत वाटते.

पहिलीच्या पालकसभेत शाळांनी एवढी एक गोष्ट अवश्य सांगावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे. दुधाचे दात जबड्याच्या प्रत्येक बाजूला पाचच असतात. त्यामुळे समोरच्या मधल्या दातापासून मागे मोजत जावे आणि सहावा लागला, तर ती दाढ कायमची समजावी. बाराव्या वर्षाच्या आसपास तिच्यामागे सातवी येते, तीही अशीच, काही न पडता.

आपला,
एक पालक