वस्तीचे नाव ऐकताच संशयित : माननीय गृहमंत्र्यांना खुले पत्र

माननीय गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य,
सविनय नमस्कार.

मी फासेपारधी समाजातला असून महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवतो. गेल्या आठवड्यात माझ्या भाच्याला पोलिसांनी उचलून नेले, म्हणून हे पत्र लिहीत आहे. तो पोलीस भरतीची तयारी करतो. सोळाशे मीटरच्या सरावासाठी पहाटे रस्त्यावर धावत असताना गस्तीच्या गाडीने त्याला अडवले, आधी नाव विचारले, मग वस्ती विचारली, आणि वस्तीचे नाव कळताच पायांतल्या नव्या बुटांचे बिल मागितले. त्याच्या आईने सोयाबीन काढणीच्या मजुरीतून आठवडी बाजारात घेतलेल्या बुटांचे बिल कुठून येणार? जवळच्या गावात घरफोडी झाली होती, तेवढे कारण पुरले. संध्याकाळी त्याला सोडले, पण अटकेचा कागद दिला नाही. बोटांचे ठसे मात्र घेतले. तो भरतीत उत्तीर्ण झालाच, तर त्याच्या चारित्र्य पडताळणीचा अहवाल याच ठाण्यातून जाणार आहे.

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९३८ साली मांडले होते की, समाज सर्वांसमोर यशाचे एकच ध्येय ठेवतो आणि तिथे पोहोचण्याचे वैध मार्ग काहींसाठी बंद करतो, तेव्हा त्या कोंडीतून काही माणसे अवैध मार्गाला लागतात. आमच्या समाजाचे याहून नेमके वर्णन मी वाचलेले नाही. तितर-लावे फाशात धरून पोट भरणाऱ्यांची शिकार १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंद झाली. तो कायदा योग्यच होता. परंतु त्या बदल्यात जमीन मिळाली नाही, आणि गायरानावर पाल टाकले की अतिक्रमणाची नोटीस येते. आमच्यातले काही जण चोरी करतात, हे मी नाकारत नाही, आणि ज्याचे घर फुटते त्याचे दुःख मला कळते. त्या चोराला पुराव्यानिशी पकडून शिक्षा द्या. पण उरलेल्या वस्तीला कशाची शिक्षा देता?

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ हॉवर्ड बेकर यांनी १९६३ साली दाखवून दिले की एखाद्याचे विचलित (समाजाचे नियम मोडणारा) ठरणे त्याच्या कृत्याइतकेच, त्याच्यावर शिक्का मारण्याची ताकद ज्यांच्या हाती आहे त्यांच्यावर अवलंबून असते. एकदा शिक्का बसला की काम देणारा काम देत नाही, घरमालक खोली देत नाही, आणि ज्याला कुणीच जवळ करत नाही त्याला जवळ करायला टोळी तयार असते. मला स्वतःला प्राध्यापकाची नोकरी लागल्यानंतरही जात कळताच ठरलेली खोली नाकारली गेली. माझे आजोबा सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये, म्हणजे 'गुन्हेगार' ठरवलेल्या जमातींना डांबण्याच्या वसाहतीत, काटेरी तारांच्या आत वाढले. त्यांना बाहेर पडायला परवानगी लागे आणि हजेरी चुकली तर शिक्षा होई. अख्ख्या जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवणारा, १८७१ पासून चालत आलेला तो गुन्हेगार जमाती कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी देशभरातून रद्द झाला, आम्ही 'विमुक्त' झालो, आणि १९५९ साली मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांचा कायदा आणला. तार गेली, पोलिसांकडची संशयितांची यादी राहिली. त्या यादीपायी माझ्या वडिलांची कित्येक रात्रींची झोप गेली आणि आता माझ्या बहिणीची जात आहे.

महोदय, ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगातील जातिभेदाविरुद्ध निकाल देताना, विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये याची काळजी घेण्याचे निर्देश पोलिसांनाही दिले. त्याच वर्षी मे महिन्यात त्याच न्यायालयाने, मागास समाजात जन्मला एवढ्यावरून कुणाची हिस्ट्रीशीट (पोलीस ठाण्यातली गुन्हेगार म्हणून नोंद) उघडू नये, असे बजावले. हे निकाल आमच्या तालुक्याच्या ठाण्यापर्यंत पोहोचले आहेत काय? पोहोचले असतील तर कोंबिंगची (वस्ती घेरून झडती घेणारी) गाडी प्रत्येक वेळी आमच्याच वस्तीवर का येते, आणि निवडणूक किंवा सण आला की चॅप्टर केसच्या (गुन्हा घडण्याआधीच चांगल्या वर्तणुकीचा बाँड मागणाऱ्या कारवाईच्या) नोटिसा आमच्याच पोरांना का निघतात?

अमेरिकी गुन्हेशास्त्रज्ञ एडविन सदरलँड यांनी १९३९ सालीच प्रतिष्ठितांच्या गुन्ह्यांकडे लक्ष वेधून, गुन्हा केवळ गरिबीतून जन्मतो या समजाला धक्का दिला. पतसंस्था बुडवून हजारो ठेवीदारांना रस्त्यावर आणणाऱ्या संचालकाच्या गल्लीत पहाटे चार वाजता झडती घेतल्याचे मी अद्याप ऐकलेले नाही. त्याच्या पुतण्याचे ठसे कुणी घेतले नाहीत, आणि वर्तमानपत्राने त्याच्या जातीच्या नावाने 'टोळी' असा मथळा दिला नाही. व्यवस्था कुणाला गुन्हेगार म्हणून शोधायचे हे आधी ठरवते, मग तिथेच शोधते, आणि तिथे सापडलेल्यांच्या आकड्यांवरून आपला समज खरा ठरवते. याला मी तपास म्हणत नाही.

माझी मागणी एवढीच आहे की, माझ्या भाच्याला कोणत्या कलमाखाली दिवसभर बसवून ठेवले हे लेखी कळवावे, त्याचे ठसे नोंदीतून काढून टाकावेत, आणि प्रत्येक ठाण्यातील हिस्ट्रीशीट वरिष्ठ अधिकाऱ्याने तपासून, ज्यांच्यावर एकही गुन्हा सिद्ध नाही अशा पारध्यांची नावे किती आहेत आणि ती का आहेत, हे जाहीर करावे. भरतीचे वेळापत्रक आपल्याच खात्याचे आहे; उत्तर त्याआधी यावे.

आपला,
एक फासेपारधी शिक्षक