युक्रेनी माणूस ‘जातीचाच तसा’? माहिती व प्रसारण मंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्री यांस,
सविनय नमस्कार.

माझी मुलगी युक्रेनमधल्या खार्किवला एमबीबीएस करत होती. रशियाने हल्ला केल्यावर, मार्च २०२२ मध्ये, भारतीयांना परत आणणाऱ्या सरकारच्या ‘ऑपरेशन गंगा’तून घरी आली. त्याआधी पाच दिवस ती तळघरात होती. घरमालकीण आजी तोफांच्या आवाजात वर जाऊन बटाटे उकडून आणायची आणि बरणीतल्या खारवलेल्या काकड्यांसोबत आधी परक्या पोरींना वाढायची.

परवा एका वाहिनीवर एक विश्लेषक म्हणाले, युक्रेनी लोक जातीचेच आपमतलबी आणि नाझी वृत्तीचे. पुरावा म्हणून तिथलीच म्हण सांगितली : ‘माझी झोपडी गावाच्या टोकाला, मला काय ठाऊक!’

साहेब, म्हणींवरून माणसं जोखायची तर ‘आपण बरं, आपलं काम बरं’ आपल्याकडेही आहे. मराठी माणसाला खेकडा म्हटलेलं आपल्याला लागतंच ना? त्याच युक्रेनी खेड्यांत ‘तोलोका’ होते. कुणाचं घर बांधायचं, पीक काढायचं, की शेजारीपाजारी फुकट राबतात आणि घरधनी त्यांना जेवू घालतो. आपली इर्जिकच ती. आणि नाझी म्हणाल, तर २०१९ मध्ये तिथल्या अतिउजव्या आघाडीला संसदेच्या निवडणुकीत जेमतेम २ टक्के मतं पडली. त्याच वर्षी ज्यू घरातल्या झेलेन्स्कींना ७३ टक्के मतांनी अध्यक्ष केलं.

सगळ्यात चिवट समज वेगळाच आहे : रशियन बोलतात, म्हणजे मनानेही रशियनच. १८६३ मध्ये झारचे गृहमंत्री वालुयेव यांनी परिपत्रकच काढलं होतं, की युक्रेनी अशी वेगळी भाषा नव्हती, नाही आणि असू शकत नाही. १८७६ मध्ये त्या भाषेतल्या छपाईवर कडक निर्बंध आले. जुलै २०२१ मध्ये पुतिन यांनी लेख लिहून दोन्ही लोक एकच असल्याचं सांगितलं, आणि सात महिन्यांनी रणगाडे आले. १९९१ च्या सार्वमतात मात्र रशियन बोलणाऱ्या पूर्वेकडच्या दोनेत्स्क प्रांतानेही ८३ टक्क्यांहून अधिक मतं स्वातंत्र्याला दिली होती. आमची खार्किवची आजी जन्मभर रशियनच बोलली. मुलगी ती भाषा तिच्याकडूनच शिकली. आता आजीचे मेसेज फक्त युक्रेनीत येतात. मुलगी एकेक शब्द लावत वाचते.

युद्ध सुरू झालं त्या दिवसांत आपल्या काही मुलांना तिथल्या गाड्यांत चढू दिलं नाही, ढकललं. त्याचा राग मलाही आहे. पण तो ढकलणाऱ्यांवर आहे, आजीवर नाही.

२३ एप्रिल २०२२ रोजी आपल्याच मंत्रालयाने युक्रेन युद्धाच्या भडक बातम्यांवरून वाहिन्यांना समज दिली होती. तशीच सूचना पुन्हा काढा, आणि अख्ख्या लोकांना ‘जातीचेच’ म्हणून दूषण देऊ नये, हे त्यात स्पष्ट शब्दांत घाला. सरकारी वाहिनीवर युक्रेनची चर्चा असेल तेव्हा तिथे राहून आलेल्या आपल्या मुलांपैकी एकाला तरी बोलवा. माझी मुलगी यायला तयार आहे.

आपली,
नाशिकची एक आई